प्रॉसरची माशी

मे महिन्यात हेस्टर कडमोरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवायला जागा नसायची. लॅपटॉप, भिंग, माश्यांची दोन जाडजूड पुस्तकं आणि कालपासूनचे चहाचे कप. पाचला उजाडायचं आणि सहाला ती खुर्चीत असायची. रात्रीतून आलेल्या फोटोंचा ढीग पडलेला असे. कॉर्नवॉलपासून पार स्कॉटलंडच्या टोकापर्यंतचे लोक आपल्या बागेत, कुंपणावर, कबरस्तानातल्या गवतावर टिपलेल्या हॉवरफ्लाय पाठवायचे. या माश्या दिसायला गांधीलमाशीसारख्या, नाहीतर मधमाशीसारख्या, पण सगळं सोंग. ना डंख, ना विष. हवेत एका जागी टांगल्यासारख्या थांबायच्या आणि कॅमेरा नीट धरेपर्यंत निघून जायच्या. आलेल्या फोटोत कुठली माशी आहे ते सांगायचं काम इंटरनेटवरच्या त्या समूहात पाच जाणत्या लोकांकडे होतं, आणि पाचांत हेस्टरचा हात सगळ्यात झपाट्याचा.

बत्तीस वर्षं ती हॉस्पिटलात क्ष-किरण विभागात होती. फोटो बघायचा, काय ते सांगायचं, पुढचा घ्यायचा, ही सवय हाडात मुरलेली. निवृत्तीनंतर तिचा नवरा लायनेल भाजीच्या वाफ्यात रमला आणि ही माश्यांत. एका सकाळी दीडशे फोटो उरकले की तिला बरं वाटायचं. ऐंशीच झाले तर दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं व्हायचं.

क्लेमेंट प्रॉसर या नावाचा मात्र तिला वैताग होता. हा माणूस विथरस्टन नावाच्या खेड्यातून फोटो पाठवायचा, तिच्या लेमिन्स्टरपासून गाडीनं पाऊण तासावर. फोटो कसले, नुसता धुरळा. कधी अर्ध्या फोटोवर बोट, कधी माशीऐवजी तिची सावली. आणि खाली लांबलचक मजकूर. आज वारा कसा होता, माशी कुठून आली, कुठे बसली, शेजारच्या कुत्र्यानं काय केलं. वर दर वेळी, ‘ही दुर्मीळ असावी असं वाटतं.’ निघायची मात्र घरोघरची साधी माशी. हेस्टरनं त्याचा मजकूर वाचणं केव्हाच सोडलं होतं.

अकरा मेला त्याचा फोटो आला तेव्हा त्या सकाळचे शंभरच्या वर झाले होते. एक केसाळ, गुबगुबीत जीव, पिवळे काळे पट्टे, शेपटाकडे पांढरा. भुंगा. तिनं लिहिलं, ‘हा भुंगा आहे, माशी नाही. भुंग्यांच्या समूहात टाका.’ आणि पुढच्या फोटोवर गेली.

खाली कुणीतरी हसरे चेहरे टाकले. कुणी लिहिलं, ‘साहेबांना उद्या वटवाघूळही माशीच वाटेल.’ त्यावर प्रॉसरनं एकच ओळ लिहिली, ‘पंख दोनच आहेत. मी मोजले.’

हेस्टरनं ती ओळ पाहिली होती. माशीला पंख दोन आणि भुंग्याला चार, पण भुंग्याचे पुढचे-मागचे पंख एकमेकांना चिकटून दिसतात, लोकांची गल्लत होते, हे लिहायलाही तिला वेळ नव्हता.

ऑक्टोबरात माश्या संपतात. आयव्हीच्या वेलाच्या फुलांवर थोड्याफार उरतात तेवढ्याच. अशात आयव्हर मॅडॉक्सचा फोन आला. दुर्मीळ नोंदींवर शेवटचा शिक्का आयव्हरचा, आणि हेस्टरची त्याची वीस वर्षांची ओळख.

“अगं, नवशिक्यांसाठी एक पान करतोय मी. लोक कशाकशाला माशी समजतात ते. तुझ्याकडे भुंग्याचा एखादा मासलेवाईक फोटो आहे का?”

“आहे की,” ती हसत म्हणाली. “प्रॉसरांचा आहे.”

तिनं तो शोधून काढला, कापून नीट करावा म्हणून मोठा केला, आणि तिचा हात थांबला.

डोकं लहान होतं. त्या एवढ्या धिप्पाड अंगावर कुणीतरी चुकून दुसऱ्याचं डोकं बसवावं इतकं लहान. भुंग्याच्या मिशा लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात. इथे दोन आखूड ठिपके होते. आणि पंख दोनच.

तिनं पुस्तक उघडलं नाही. उघडायची गरज नव्हती. पोकोटा नावाची माशी. जुन्या बीचच्या झाडाच्या ढोलीत पाणी साचून लाकूड कुजतं, त्या राबडीत हिच्या अळ्या वाढतात. माणसाच्या नजरेला ही इतकी क्वचित पडते की वीस वर्षांत हेस्टरनं ती जिवंत पाहिली नव्हती. आयव्हरनं दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा सगळ्यांना जेवायला घातलं होतं.

मग तिनं पहिल्यांदा खालचा मजकूर वाचला.

‘विथरस्टनच्या जुन्या शाळेमागचा मोठा बीच. छातीएवढ्या उंचीवर ढोली आहे, तिच्यातून ही बाहेर आली. झाड धोक्याचं ठरवलंय, उन्हाळा संपला की पाडणार म्हणतात. म्हणून जरा लवकर सांगाल का?’

ती उठली. सिंकपाशी गेली, नळ सोडला, बंद केला, परत आली. पुन्हा वाचलं. तारीख पाहिली. नऊ ऑक्टोबर.

लायनेल चिखलाचे बूट दारात काढत होता. “काय गं, कुणी गेलं का?”

“मी एक चूक केली.”

“बरं. मग दुरुस्त कर.”

“पाच महिन्यांपूर्वी केली.”

प्रॉसर समूहातून मे महिन्यातच बाहेर पडला होता, त्याला निरोप धाडायची सोय नव्हती. तिनं आयव्हरला परत फोन लावला.

“अस्पष्ट आहे,” फोटो बघून आयव्हर म्हणाला. “असेलही. पण यावर मी नोंद घेणार नाही.”

“नोंदीचं नाही विचारत मी तुला. झाडाचं काय?”

“तू काही झाडाची राखणदार नाहीस, हेस्टर. वर्षाला पंधरावीस हजार फोटो बघतेस. त्यात एक चूक कुणाची होत नाही?”

“एकच आहे कशावरून?”

तिनं फोन ठेवला. त्या दिवशी तिनं दोघांपुरते म्हणून सोललेले बटाटे सहा जणांना पुरले असते. सकाळी उजाडताच तिनं गाडीची किल्ली घेतली, आणि का कोण जाणे, ओट्यावरचा लांब दांड्याचा डावही घेतला.

विथरस्टनची जुनी शाळा आता राहतं घर झाली होती. मागच्या पायवाटेच्या कडेला तीन बीच ओळीनं असावेत असं दिसत होतं. दोन उभे होते. तिसऱ्याच्या जागी जेवणाच्या टेबलाएवढा पांढराफेक बुंधा आणि भोवती भुसा. भुसा पावसानं भिजून तांबूस झाला होता, म्हणजे झाड काल-परवा पडलेलं नव्हतं. हेस्टर त्या बुंध्याभोवती चालत राहिली. एकदा, दोनदा, तीनदा. कुत्रा फिरवायला निघालेली एक बाई थांबून बघायला लागली.

“काही हरवलंय का?”

“क्लेमेंट प्रॉसर कुठे राहतात?”

बाईनं हातानं घर दाखवलं. “सफरचंदं गोळा करत असतील. आधीच सांगते, हल्ली कुणाशी धड बोलत नाहीत ते.”

प्रॉसर अठ्ठ्याहत्तरचा होता. उंच, काटक, डोक्यावर लोकरी टोपी. झाडाखाली पडलेली सायडर गाळायची सफरचंदं तो पोत्यात भरत होता. बागेच्या कडेला मधमाश्यांच्या सहा पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

“मिस्टर प्रॉसर, मी हेस्टर कडमोर. माश्यांच्या समूहातली.”

तो ताठ उभा राहिला. “म्हणजे भुंगा बाई.”

“हो.”

“चाळीस वर्षं मधमाश्या पाळतोय मी,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “भुंगा कसा दिसतो ते मला शिकवायला निघाला होतात तुम्ही.”

“माझं चुकलं. ती माशीच होती. अतिशय दुर्मीळ. तुम्ही बरोबर होतात आणि मी नीट बघितलं नाही. तुमचा मजकूर तर वाचलाच नाही.”

“मे महिन्यात हवं होतं हे.”

“मला कळतंय.”

“तुम्हाला काय कळणार, बाई?” त्यानं हातातलं सफरचंद पोत्यात टाकलं. “गावसभेत उठून मी सांगितलं, झाड थांबवा, आत एक जीव आहे, जाणत्या लोकांना विचारलंय. अध्यक्षीणबाईंनी तिथल्या तिथे फोन काढला आणि तुमचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. वटवाघळाचंही वाचलं. सगळं सभागृह हसलं. माझा न्हावी हसला. त्या दिवसापासून केस मी घरीच कापतो.”

टोपीखालून कानामागे केसांची वेडीवाकडी कातरलेली झालर दिसत होती. हेस्टरला तिथून पळून जावंसं वाटलं आणि तसंच तिथेच उभं राहावंसंही वाटलं, म्हणून ती नुसतीच या पायावरून त्या पायावर होत राहिली.

“लाकूड कुठे गेलं?” तिनं शेवटी विचारलं.

“कुणाचं?”

“झाडाचं. ओंडके कुठे आहेत? अळ्या ढोलीत असतात, वर्षवर्ष असतात. ढोलीचा तुकडा शाबूत असेल तर अजून…”

प्रॉसरनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग तिच्या हातातल्या डावाकडे. “केल्विन ब्रूमनं नेलं. झाडं कापतो तो. मोर्टिमर्स क्रॉसच्या अलीकडे वखार आहे त्याची. तीन आठवडे झाले. एव्हाना सरपण झालं असेल.”

“गाडी आहे माझी.”

“पोतं भरायचंय माझं.”

“मी भरते.”

ती वाकलीच. दोघांनी मिळून ते पोतं भरलं. मग प्रॉसर घरात जाऊन कोट घालून आला.

गाडीत तो खिडकीबाहेर बघत राहिला. अरुंद रस्ता, दोन्हीकडे उंच कुंपणं, समोरून दुधाचा टँकर. हेस्टर जरा जोरातच चालवत होती.

“हळू,” तो म्हणाला. “गडबडीनं एकदा काय झालं ते बघितलंत ना.”

ती हळू झाली.

केल्विन ब्रूम चाळिशीचा, दणकट, कानावर आवाज अडवणारे गोळे. त्यानं लाकूड फोडायचं यंत्र बंद केलं आणि दोघांकडे आलटून पालटून बघितलं.

“विथरस्टनचा बीच? निम्मा फोडून झाला. का हो?”

“ढोलीचा तुकडा हवाय,” हेस्टर म्हणाली.

“तो सडका? त्याला कोण विचारतंय! विकत कुणी घेईना, जळता जळत नाही. मागे टाकलाय. या आठवड्यात पेटवणार होतो सगळा कचरा.”

मागे चिखलात तो आडवा पडला होता. कमरेएवढ्या जाडीचा, चार-साडेचार फूट लांब, मधे वेडंवाकडं भोक. आडवा पडल्यामुळे आतलं पाणी सांडून गेलं होतं. हेस्टर चिखलात गुडघ्यावर बसली आणि डाव आत घातला. कोरडा भुगा. पुन्हा घातला. पुन्हा भुगा.

“तसं नाही,” प्रॉसर म्हणाला. “उभा होता तेव्हा खालची बाजू कुठली होती ते बघा. शेवाळ इकडे आहे. म्हणजे तळ पलीकडे. तिथे ओल उरली असेल.”

तिनं बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि हातच घातला. गाल सालीला टेकेपर्यंत घातला. शेवटी बोटांना गार, दाट काहीतरी लागलं. मूठभर चिखल तिनं बाहेर काढला, डावात ठेवला आणि पावसाळी डबक्यातलं पाणी त्यावर हलकेच ओतलं.

चिखल हलला.

“बापरे,” केल्विन मागे सरला. “हे काय आहे?”

मळकट, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या. बहुतेकांना उंदरासारखी लांब शेपटी. हेस्टरनं भिंग लावलं. “या शेपटीवाल्या साध्या आहेत. कुठल्याही ढोलीत सापडतात.” तिचा आवाज पडला. मग भिंग जरा पुढे सरकलं. “थांबा. या तीन वेगळ्या दिसतात. पण खात्री नाही. अळीवरून मला खात्री देता येत नाही.”

“एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकतोय तुमच्याकडून हे,” प्रॉसर म्हणाला.

अळ्या परत आत गेल्या. केल्विनला त्या ओंडक्याचं काही देणंघेणं नव्हतं, पण प्रॉसर ज्या प्रकारे त्याच्या ट्रकवरच्या क्रेनकडे बघत उभा राहिला त्यापुढे त्याचं काही चाललं नाही. “बरं बाबा, बरं. उचलतो. पण पेट्यांतल्या मधाच्या दोन बरण्या लागतील.”

दुपारपर्यंत ओंडका प्रॉसरच्या बागेच्या टोकाला, कुंपणाच्या सावलीत उभा राहिला. शेवाळाची बाजू कुठे होती ते आठवून प्रॉसरनं तो दोनदा फिरवून घेतला. हेस्टरनं पिंपातलं पावसाचं पाणी डावानं मोजून ढोलीत घातलं. निघताना तिनं हात पुढे केला. त्यानं तो हातात घेतला नाही, सफरचंदांची पिशवी तिच्या हातात टेकवली. “माफ केलंय असं समजू नका. फार पडलीत खाली, म्हणून देतोय.”

घरी गेल्या गेल्या तिनं समूहावर लिहिलं. फोटो लावला, आपलं मे महिन्यातलं उत्तर जसंच्या तसं लावलं आणि खाली लिहिलं, की माझं चुकलं, मी मजकूर वाचला नाही, त्यामुळे एक झाड गेलं आणि एका जाणत्या माणसाचं हसं झालं. काहींनी तिचं कौतुक केलं. आयव्हर मात्र चिडला.

“अशानं लोकांचा आपल्या सगळ्यांवरचा विश्वास उडेल!”

“उडू दे थोडा.”

“आणि एक सांगून ठेवतो. त्यातून काही निघालं तर मला टाचणीला टोचलेली माशी हवी. फोटोवर मी पोकोटा मान्य करणार नाही.”

त्या हिवाळ्यात हेस्टरला चैन नव्हती. त्या वर्षात ‘माशी नाही’ म्हणून तिनं परतवलेले फोटो तेराशे ऐंशी निघाले. ते सगळे तिनं पहिल्यापासून काढले, मजकुरासकट. लायनेल चहा ठेवून जायचा आणि गार झालेला उचलून न्यायचा. “अगं, जरा बाहेर ये. कोबी बघ माझा.” ती जायची, कोबी बघायची आणि परत येऊन बसायची. फेब्रुवारीपर्यंत आणखी चार चुका सापडल्या. चारही साध्या माश्या होत्या, कुणाचं काही अडलेलं नव्हतं. तरी तिनं चौघांना वेगवेगळं लिहिलं. एका बाईचं उत्तर आलं, ‘मला आठवतही नाही, पण लिहिलंत हे बरं वाटलं.’ तेवढ्यानं तिची एक संध्याकाळ नीट गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दर रविवारी ती प्रॉसरला फोन करायची. तो दुसऱ्या-तिसऱ्या घंटेला घ्यायचा आणि हॅलोसुद्धा म्हणायचा नाही.

“पाणी आहे. गोठलं होतं, वितळलं.”

“किती बोटं?”

“तीन.”

“हलताहेत का?”

“मी डोकं घालून बघत नाही, बाई. तुम्हाला कुणी रोज उठून झाकण काढून बघितलं तर आवडेल का?”

एप्रिल कोरडा गेला. ती फोनवर पाण्याचं इतक्यांदा विचारायला लागली की प्रॉसरनं एकदा फोनच बाजूला ठेवून दिला. मेच्या पहिल्या आठवड्यात ढोलीतून माश्या निघायला लागल्या. साध्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोन साध्या. आठवड्यात अकरा झाल्या, सगळ्या त्याच. तिनं स्वतःलाच सांगायला सुरुवात केली, की त्या तीन अळ्या वेगळ्या नव्हत्याच, आपल्याला तशा दिसाव्यात असं वाटलं म्हणून दिसल्या. पण हे पटवून घेतलं तरी जिवाला स्वस्थता नव्हती.

सतरा मेला सकाळी सव्वानऊला तिच्या फोनवर फोटो आला. समूहावर नाही, थेट तिला. करडी साल, आणि तिच्यावर एक पिवळट काळा गोळा. सगळंच हललेलं. खाली लिहिलं होतं, ‘काय आहे?’

हेस्टरनं फोटो मोठा केला, लहान केला, उजेडाकडे धरला. भुंगा असू शकत होता. भुंग्याची राणी मे महिन्यात भोकं शोधत हिंडतेच. माशीही असू शकत होती. डोकं कुठे संपतं आणि सावली कुठे सुरू होते, तेच कळत नव्हतं. लायनेलनं टेबलावर अंडी आणून ठेवली.

“काय आहे?” त्यानंही विचारलं.

“माहीत नाही.”

“असं कसं? तुला?”

“अरे, खरंच नाही कळत.” तिनं लिहिलं, ‘या फोटोवरून सांगता येत नाही. हळूच वरून बरणी उपडी ठेवा. मी येते.’

पाऊण तासाच्या रस्त्यात अर्धा तास तिच्यापुढे ट्रॅक्टर होता. तिनं हॉर्न वाजवला नाही, फक्त स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिली. प्रॉसर ओंडक्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. ओंडक्यावर मधाची रिकामी बरणी उपडी. आणि काचेच्या आत, पंख अजून पुरते सुकलेले नाहीत अशी, ती.

हेस्टर खाली बसली. धिप्पाड, केसाळ अंग आणि त्यावर ते लहानसं डोकं. आखूड मिशा. दोन डोळ्यांमधे मोकळी जागा, म्हणजे मादी. ती काचेवर चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती.

“सांगा,” प्रॉसर म्हणाला.

“तीच आहे. तुमची माशी आहे.”

खिशातून रुमाल काढून त्यानं नाक पुसलं आणि रुमाल उगाचच पुन्हा पुन्हा घडी करत बसला.

तिनं कॅमेरा काढला. समोरून, बाजूनं, वरून, बरणी तिरकी करून पोटाकडून, पंखाच्या शिरांचे, मिशांचे. साठ-सत्तर फोटो झाले. मग आयव्हरला फोन केला.

“मारून घेऊन ये,” आयव्हर म्हणाला. “हेस्टर, ऐक. त्या भागातली कित्येक वर्षांतली पहिली. फोटोवर उद्या कुणीही शंका काढेल. टोचलेली माशी शंभर वर्षं राहते.”

प्रॉसरला सगळं ऐकू जात होतं. तो उठला आणि बरणीवर पंजा ठेवून उभा राहिला.

“मी दिली तर नेणार ना ही?”

“आयव्हर,” हेस्टर फोनमधे म्हणाली, “अळ्या तीनच होत्या. पैकी आत्तापर्यंत एक आलीय. मादी आहे. शेजारी दोन बीच उभे आहेत.”

“मग नोंद होणार नाही!”

“मग नाही होणार.” तिनं फोन बंद केला आणि प्रॉसरला मान हलवून खूण केली.

त्यानं बरणी उचलली. माशी तिथेच बसून राहिली, चांगली दहा मिनिटं. मागच्या पायांनी पंख पुसले, पोट वरखाली केलं. मग भुंग्यासारखाच जाडसर गुणगुणाट करत उठली आणि कुंपणावरून गेली. शाळेच्या दिशेनं गेली असं प्रॉसर म्हणाला. हेस्टरला ती उलट्या बाजूला गेल्यासारखी वाटली, पण ती बोलली नाही.

आयव्हरनं आठ दिवस अबोला धरला. त्या आठ दिवसांत त्यानं ते सत्तर फोटो दोन जाणकारांना दाखवले, एक हॉलंडमधला, एक जर्मनीतला. नवव्या दिवशी नोंद झाली. पाहणारा, क्लेमेंट प्रॉसर. ओळखणारा या रकान्यात हेस्टरनं आपलं नाव घालू दिलं नाही, तिथेही प्रॉसरच. आदल्या वर्षीच्या फोटोला मात्र आयव्हरनं शेवटपर्यंत शिक्का दिला नाही. तो ‘अनिश्चित’ म्हणूनच राहिला. उरलेल्या दोन अळ्यांचं काय झालं तेही कुणाला कळलं नाही.

“समूहात परत या,” हेस्टर म्हणाली.

“त्या लोकांत मी पाऊल टाकणार नाही,” प्रॉसर म्हणाला. “पण पहिल्या मंगळवारी जूनची गावसभा आहे. उरलेले दोन बीचही पाडायचं चाललंय. तुम्ही या. मी नाही बोलणार, तुम्ही बोलायचं. उभं राहून.”

हेस्टर आयुष्यात कधी सभेत बोलली नव्हती. क्ष-किरणाच्या अंधाऱ्या खोलीत माणसं एकेकटी यायची आणि गप्प पडून राहायची. त्या मंगळवारी विथरस्टनच्या सभागृहात तीस-पस्तीस माणसं होती. तिनं चहाचा कप खाली ठेवला. प्रॉसरनं खुणेनं दाखवलेला न्हावी दुसऱ्या रांगेत होता.

ती उभी राहिली. “गेल्या मे महिन्यात इथे एक उत्तर वाचून दाखवलं होतं. ते माझं होतं आणि ते चूक होतं. मिस्टर प्रॉसर बरोबर होते. मी फोटो बघितला चार सेकंद. त्यांनी ती माशी सबंध सकाळभर बघितली होती.” मग तिनं बरणीतल्या माशीचा मोठा केलेला फोटो पुढे पाठवला. तो हातोहात मागे गेला. कुणी हसलं नाही. केल्विन ब्रूम भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, की झाडं मुळातून काढायची गरज नाही, फांद्या हलक्या केल्या आणि बुंधे उभे ठेवले तर वाटेवरच्या पोरांना धोका नाही, हे पाहिजे तर मी लिहून देतो. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला, घातला आणि हात वर करायला सांगितलं. बरेच हात वर झाले. सगळे नाही.

बाहेर अजून लख्ख उजेड होता. हेस्टर पायरीवरच बसली. प्रॉसर तिच्यामागून आला आणि कोटाची बटणं लावत उभा राहिला.

“बरं झालं ना?” तिनं विचारलं.

“आवाज जरा मोठा काढायचा,” तो म्हणाला. “मागच्या रांगेत निम्मं ऐकूच आलं नाही.”